सोनूच्या बटणामागची अंगाई

१

“मैत्री, आईचा आवाज गेला.”

फोनवर अक्षता एवढंच बोलली. मी गोंधळले. अक्षता माझी मावसबहीण. तिची आई, माझी कांतामावशी, डिसेंबरातच वारली होती. गेलेल्या माणसाचा आवाज आता पुन्हा कसा जाणार?

“कुठला आवाज?”

“पाळणाघरातला. सोनूच्या बटणात होता ना तो. आज ताईंनी बटण दाबलं तर ‘नोंद सापडली नाही’ असं आलं. कुणीतरी काढून टाकलाय.”

“तुझ्या फोनमध्ये असेल की एखादा व्हिडिओ.”

“फोटो आहेत ढीगभर. व्हिडिओ काढायला घेतला की ती पदर तोंडाला लावून पळायची, माहितीये ना तुला. तेवढा एकच होता गं. मला वाटायचं, आहे तिथे, कधीही ऐकता येईल. म्हणून ऐकलाच नाही मी.”

सोनू ही अक्षताची मुलगी, दोन वर्षांची. अक्षता खराडीत एका कंपनीत काम करते आणि सोनू जवळच्याच पाळणाघरात असते. तिथे प्रत्येक मूल दुपारी आपापल्या आजीच्या अंगाईवर झोपतं. आज्या गावी असतात किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांचे आवाज मात्र तिथल्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले. कांतामावशी आजारी पडायच्या आधी एकदा तिथे जाऊन भीमाचा पाळणा म्हणून आली होती. आमच्या वस्तीत भीमजयंतीला म्हणतात तोच, पण तिने तो ओढून ओढून इतका संथ केला होता की ऐकणाऱ्याचे डोळे मिटावेत.

माझं फिजिक्सचं एमएस्सी झालं होतं आणि पीएचडीच्या मुलाखतीला अवकाश होता. घरच्यांच्या मते पृथ्वीवर माझ्याइतकं रिकामं कुणी नव्हतं.

“उद्या येते,” मी म्हणाले. “तोवर त्या कॉम्प्युटरला कुणालाही हात लावू देऊ नकोस.”

२

प्रियदर्शनीताईंचं पाळणाघर एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. शुक्रवारी दुपारी मी पोचले तेव्हा जेवणं उरकली होती. खोलीत खिडकीपासून दारापर्यंत एका रांगेत गाद्या, प्रत्येकीवर मच्छरदाणीचा पांढरा घुमट. समोरच्या कंपनीच्या काचांवरून परतलेलं ऊन छतावर पाण्यासारखं हलत होतं. आत पाऊल टाकलं की आपण एखाद्या तळ्याच्या बुडाशी उतरलोय असं वाटायचं.

दाराजवळ कॉम्प्युटर. पडद्यावर मुलांचे चेहरे, गाद्यांच्याच क्रमाने.

“चेहरा दाबायचा, अंगाई सुरू,” ताई कुजबुजल्या. त्यांनी मुठीएवढा स्पीकर दाखवला. “हा ज्याची पाळी त्याच्या उशाशी ठेवायचा. आवाज अगदी बारीक. शेजारच्यालाही ऐकू जाता कामा नये, नाहीतर सगळ्या आज्यांची खिचडी होते.”

“मग काल तुम्हाला कळलं कसं, की वाजत नाहीये?”

“स्क्रीनवर आलं ना, नोंद सापडली नाही म्हणून. नाहीतर कळलं नसतं.” त्यांनी कानातून कापसाचा बोळा काढून दाखवला. “मी एकही अंगाई ऐकत नाही. पहिल्या आठवड्यात ऐकली आणि मुलांच्या आधी मीच आडवी झाले. पालकांनी येऊन मला उठवलं.”

बोळा परत कानात गेला. ताईंनी पहिल्या उशाशी स्पीकर ठेवला, मांजरासारख्या पावलांनी दारापाशी आल्या, पहिला चेहरा दाबला. खिडकीकडची तिघं एकामागून एक झोपी गेली, जणू कुणी दिवे मालवत चाललं होतं.

चौथी गादी शंभूची. ताईंनी त्याचा चेहरा दाबलाच नाही. आतल्या दारातून एक म्हातारी आली, गुडघा धरून खाली बसली आणि शंभूच्या पाठीवर थोपटत स्वतःच गुणगुणू लागली. तो झोपला.

पुढचा समर्थ. अंगाई सुरू होताच त्याने लाथा झाडायला सुरुवात केली. त्याच्या पलीकडचा सलिल डोळे टक्क उघडे ठेवून स्पीकरकडे बघत राहिला आणि मग रडू लागला. शेवटची सोनू. तिचा चेहरा दाबल्यावर पडद्यावर ते वाक्य आलं आणि खोलीत काहीच झालं नाही. सोनूने उशीवर कान लावला, जणू आवाज आत कुठेतरी अडकला असावा.

“रोज असंच असतं?” मी नंतर विचारलं.

“छे! या सोमवारपासून. समर्थचे दात येतायत. सलिलला उकडतं. शंभूने तर सोमवारी असा भोंगा लावला की आजीलाच बोलवावं लागलं, तेव्हापासून त्याच रोज येतात.”

“आणि सोनू?”

“सोनू सर्दीने घरीच होती. काल आली आणि काल हे झालं.”

सोमवारपासून तिघांची झोप उडालेली. आणि अंगाई हरवली म्हणे चौथ्याच मुलाची. मला ते एखाद्या आलेखावर चुकीच्या जागी पडलेल्या बिंदूसारखं टोचत राहिलं.

३

प्रोग्रॅम लिहिला होता सौरभने. तो ताईंचा भाचा, हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलेला. शनिवार-रविवारच्या क्लासमध्ये शिकताना त्याने लिहिलेला हा पहिलाच प्रोग्रॅम. मी त्याला फोन लावला.

“कसा चालतो हा?”

“एकदम सिंपल! प्रत्येक चेहरा म्हणजे एक बटण. आणि गाण्यांच्या नोंदी त्याच क्रमाने एकाखाली एक. पहिला चेहरा दाबला की पहिली नोंद वाजते, दुसरा दाबला की दुसरी.”

“आणि काढायची असेल तर?”

“चेहरा दाबायचा, मग खालचं लाल ‘काढा’. तो विचारतो, नक्की ना? हो म्हटलं की गेली.”

“कुठे गेली? परत आणता येते?”

“ते मी पुढच्या व्हर्जनमध्ये करणार होतो.”

“सौरभ, ‘काढा’ कसं वापरायचं हे कुणाकुणाला माहितीये?”

“सगळ्यांनाच. मी तिथे असलो की कुणी ना कुणी विचारतं. ताई, वरचे तात्याराव, शंभूची आजी, पालक. यार, आपला पहिला प्रोग्रॅम आहे, कुणी विचारलं की भारी वाटतं. मी करूनच दाखवतो. फक्त शेवटचं ‘हो’ दाबत नाही.”

तात्याराव म्हणजे सोसायटीचे सचिव. ताईंच्या बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी पाळणाघराविरुद्ध दोन तक्रारी केल्याचं अक्षताने सांगितलं होतं. मी जिना चढले.

“आपण कोण? पालक?” त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“सोनूची मावशी.”

“मावशांसाठी वेगळी वेळ नाही. बोला.”

“तुम्हाला पाळणाघरातल्या गाण्यांचा त्रास होतो म्हणे.”

“होत होता. जानेवारीपर्यंत.”

“मग?”

“मग सवय झाली.” त्यांनी चष्मा पुसला. “दुपारी सगळं शांत असतं. खिडकी उघडी ठेवली आणि कान दिला की खालच्या खिडकीजवळच्या मुलांचं येतं थोडंफार वर. मी काही मुद्दाम ऐकत नाही. पण एक वाजता आडवा होतो आणि तीनला उठतो, हे सत्य आहे. सोमवारपासून मात्र खाली नुसती रडारड. तीन तक्रारी होतील माझ्या आता. आपण चौकशी करताय ना? लवकर करा.”

“त्यातलं एक गाणं कुणीतरी काढलंय. तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला होता?”

“बाई, मला गाणी काढायची असती तर मी एकच कशाला काढलं असतं? आणि आता काढून झोपू कसा?”

दार बंद झालं. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. ज्याला गाणी नकोत तो सगळी काढेल, आणि ज्याला हवीत तो एकही काढणार नाही. एकच, नेमकं एकच, काढणाऱ्याचं कारण वेगळंच असणार.

४

शंभूची आजी मुक्ताई मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. त्या लातूरकडच्या. त्यांचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून दोघंही कामावर. जानेवारीत नातवासाठी म्हणून त्या पुण्याला आल्या होत्या.

“आजी, तुमचं गाणंही आहे ना मशीनमध्ये?”

“हाय की. आल्या आल्या बोलावलं, म्हन, म्हणले. म्हनलं म्या.” त्यांनी दुपट्याचे कोपरे ओढून सरळ केले. “मग सूनबाई म्हणाली, आता आई, तुमी होळी झाली की गावाकडं गेलात तरी चालतंय. शंभूचं भागलं.”

“तुम्हाला काय वाटलं?”

“मला काय वाटायचंय? मशीन थकत न्हाई. त्याचं गुडघं दुखत न्हाईत.”

वरून कुठूनतरी काचेचा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर येऊन जात होता.

“आजी, कांताबाईंचं गाणं गेलंय. सोनूच्या आजीचं.”

त्यांचा हात दोरीवर तसाच राहिला. “कांताबाईचं? त्या वारल्या त्यांचं?”

“हो.”

“त्यांचं कसं जाईल?” त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा उतरला होता. “न्हाई, न्हाई. नीट बघ, लेकरा. त्यांचं कसं जाईल?”

मग त्यांनी वाळलेलं दुपटंच पुन्हा पिळायला घेतलं.

५

नारायण पेठेतल्या माझ्या खोलीवर परतायला मी बस पकडली. मागच्या एका तीन जणांच्या सीटवर, दाराकडच्या टोकाला जागा मिळाली. दिवस मावळत होता. बस हलत होती, थांबत होती, आणि दुपारच्या त्या खोलीची झोप अजून माझ्या अंगात होती.

डोळे मिटले की चेहऱ्यांची ती रांग दिसायची. चेहरे तोंड उघडत होते, पण प्रत्येकाच्या तोंडून भलत्याचाच आवाज येत होता. मी रांगेच्या टोकापर्यंत गेले. सोनूच्या चेहऱ्यामागे काहीच नव्हतं, नुसता उजेड. मागून कुठूनतरी कांतामावशी म्हणाली, सरक जरा पलीकडे.

मी जागी झाले. येरवडा आलं होतं. आमच्या सीटवरच्या खिडकीजवळच्या बाई उतरायला उठल्या होत्या आणि शेजारची बाई मलाच म्हणत होती, “सरका ना जरा, यांना उतरायचंय.” त्या उतरल्यावर तिला खिडकी मिळाली. तिच्या जागी मी सरकले. माझी टोकाची जागा रिकामी झाली.

मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. टोकाची जागा रिकामी होती. पण टोकाचं माणूस उतरलं नव्हतं. उतरलं होतं दुसरंच कुणीतरी, पलीकडून, आणि बाकीचे फक्त सरकले होते.

पहिला चेहरा, पहिली नोंद. चौथा चेहरा, चौथी नोंद. सौरभने बटण मुलाशी बांधलंच नव्हतं, जागेच्या क्रमांकाशी बांधलं होतं. मधली एक नोंद काढली की खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकणार. चेहरे मात्र जागच्या जागी. म्हणजे समर्थला सलिलच्या आजीचं गाणं ऐकू येत होतं, म्हणून तो लाथा झाडत होता. आणि सलिल ज्या आवाजाकडे टक्क डोळ्यांनी बघत होता, तो आवाज होता...

मावशीचा. मावशी गेलीच नव्हती. ती एक गादी अलीकडे, परक्या उशाशी गात होती, आणि ताईंच्या कानात कापूस होता.

मी फोन काढला. सौरभचा मेसेज आधीच येऊन पडला होता.

‘आज लवकर सुटलो, खराडीत पोचलोय. सलिलच्या आईने सांगितलंय, त्याला ते गाणं सूट होत नाहीये, नवीन रेकॉर्ड करू. तर जुनं आत्ताच काढून टाकतो.’

सलिलचा चेहरा दाबायचा. मग ‘काढा’. मग ‘हो’.

सौरभने फोन उचलला नाही. ताईंनी उचलला नाही. मग आठवलं, जिना उतरताना नोटीस बोर्डवर सचिवांचा नंबर होता आणि मी सवयीने त्याचा फोटो काढला होता.

“तात्याराव, सोनूची मावशी बोलतेय. खाली जा आणि सौरभला थांबवा. त्याने कॉम्प्युटरवर काही दाबलं तर गाणं कायमचं जाईल!”

“कुठलं गाणं?”

“तेच, ज्याच्यावर तुम्ही झोपता!” मला खात्री नव्हती, पण वेळही नव्हता.

फोन बंद झाला.

६

मी रिक्षाने परत पोचले तेव्हा तळमजला काळोखात होता. दारात तात्याराव उभे, आत सौरभ आणि ताई एका मोबाईलच्या उजेडात.

“यांनी आमचा मेन स्विचच बंद केला!” सौरभ म्हणाला.

“मुलाला समजावण्यात वेळ जातो,” तात्याराव म्हणाले. “स्विचला समजावावं लागत नाही.”

“सौरभ, ‘हो’ दाबलं होतंस?”

“दाबणार होतो. स्क्रीनवर ‘नक्की ना?’ आलं आणि सगळंच गेलं.”

“मग लावा स्विच.”

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत आम्ही चौघंही पडद्याभोवती दाटलो. चेहरे पडद्यावर आले. मी सलिलचा दाबला.

आधी नुसती खरखर. मग एक श्वास. आणि मग त्या अंधाऱ्या खोलीत, रिकाम्या गाद्यांवरून, कांतामावशीचा आवाज निघाला, संथ, थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी किंचित खाली उतरणारा. ताईंनी आपोआप कानाकडे हात नेला आणि परत खाली घेतला.

“हा सलिलच्या जागी कसा?” सौरभने विचारलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. “अरे देवा. सरकलं. मी नंबरवर बांधलंय.”

“हो. म्हणून काढलेली नोंद शेवटची नाही. पहिली तिघं नीट झोपतात, म्हणजे तिथवर सगळं जागेवर आहे. गडबड सुरू होते शंभूपासून.” मी शंभूचा चेहरा दाबला. एक खणखणीत, हसरा आवाज आला. समर्थची आजी, ताईंनी ओळखलं. “काढलीय ती शंभूच्या आजीची अंगाई. मुक्ताईंची.”

“पण त्यांची कुणी कशाला काढेल?” ताई म्हणाल्या. “आणि कोण?”

“ती नसल्याने एकाच माणसाला काहीतरी मिळालं. सोमवारपासून एकाच आजीला रोज इथे बोलावणं येतं.” मला सांगताना बरं वाटत नव्हतं. “कांतामावशीचं गाणं गेलं म्हटल्यावर तुम्ही सगळे धरून चाललात, कुणीतरी ते काढलं. मुक्ताईंनी विचारलं, त्यांचं कसं जाईल. काहीतरी गेलंय हे त्यांना माहीत होतं. ते कांताबाईंचं नाही, हेही माहीत होतं.”

सौरभ खाली बघत म्हणाला, “मीच दाखवलं होतं त्यांना. दोनदा.”

७

शनिवारी सकाळी अक्षता माझ्याबरोबर आली. मुक्ताई शंभूला घेऊन आधीच बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“म्या काढलं,” त्या म्हणाल्या. “माझं म्याच काढलं, म्हणून वाटलं, कुनाचं काय जातंय. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई, पोरी. तुझ्या आईला म्या पुसलं असं वाटत हुतं.”

अक्षताच्या ओठांवर खूप काही आलेलं मला दिसलं. दोन दिवस तिने कसे काढले होते ते मला माहीत होतं.

“तुम्ही सुनेला सांगायचं ना सरळ, की मला राहायचंय,” ती शेवटी म्हणाली.

“मागून घेऊन राहाया भ्या वाटतं गं. गरजेनं ऱ्हायलं की कुनी उठ म्हनत न्हाई.”

अक्षताने शंभूला कडेवर घेतलं, तो तिच्या ओढणीशी खेळू लागला.

“ताई,” ती म्हणाली, “दुपारी इथे तुम्ही एकट्याच असता. एवढी मुलं. एक खरी आजी लागत नाही का तुम्हाला?”

“लागते,” ताई तत्काळ म्हणाल्या. “मी आजच उत्तरेश्वरला फोन करते. आणि त्या मला गाऊन झोपवणार नसतील तर फार बरं.”

मुक्ताईंनी पदराने डोळे टिपले आणि दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

सौरभने दुपारपर्यंत बसून प्रत्येक गाण्याला त्या त्या मुलाची स्वतःची, कधी न बदलणारी खूण दिली आणि प्रत्येक बटण त्या खुणेशी बांधलं. आता मधून काहीही गेलं तरी कुणी कुणाच्या जागी सरकणार नव्हतं. सगळ्या गाण्यांची एक प्रत त्याने अक्षताला दिली, एक माझ्याकडे, आणि तात्यारावांनी मागितली नव्हती तरी एक त्यांना.

जेवणं झाली. ऊन छतावर हलू लागलं. ताईंनी एकेक चेहरा दाबला. समर्थ गप्प झाला, सलिलने अंगठा तोंडात घातला. शंभूला मुक्ताईंनी मांडीवर घेतलं. शेवटी स्पीकर सोनूच्या उशाशी गेला. अक्षता तिच्याजवळ चटईवर आडवी झाली, कान स्पीकरला लावून.

मावशी गायली. सोनू दुसऱ्या कडव्यालाच झोपली. एरवी या टप्प्यावर ताई स्पीकर उचलून नेत, म्हणून पुढचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आज त्यांनी तो तसाच राहू दिला.

अंगाई संपली. जरा वेळ खरखर. मग मावशी बोलली, गाण्याच्या नाही, तिच्या रोजच्या आवाजात.

“झालं का रे पोरा? मग कर बंद. आणि अक्षे, तो पंखा पण बंद कर. उगाच फिरतोय.”

अक्षता उठून बसली. ती हसत होती की रडत होती ते मच्छरदाणीआडून मला नीट दिसलं नाही. मग ती उठली, पाय न वाजवता भिंतीपाशी गेली आणि पंखा बंद केला.

पाती हळूहळू थांबली. उकाडा वाढला, पण पंख्याला कुणी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने, शंभूच्या कपाळावर घाम आला तेव्हा मुक्ताईंनी त्याला गादीवर ठेवलं, गुडघा धरून उठल्या आणि पंखा पुन्हा लावला. अगदी हळू, एकवर.